साडू, स्क्रेपर आणि सासऱ्यांची पेटी

एका उन्हाळ्यात माझ्या साडूने मला इंग्लंडमधल्या त्याच्या काउंटीत नऊ दिवसांत अकरा संग्रहालयं दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरात तो कुवेतला आला, तेव्हा मी त्याचा बदला घेतला. बदला घेताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असे आनंद वरचेवर मिळत नाहीत. पण नुकसान झालं ते आम्हा दोघांचं नाही, तिसऱ्याच माणसाचं. म्हणून हे लिहायला बसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळ सांगलीचा. तिकडे विमा कंपनीत नोकरी करतो आणि शनिवारी एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या संग्रहालयात फुकट मार्गदर्शक म्हणून उभा राहतो. त्यासाठी त्याला तपकिरी डगला आणि छातीवर लावायला बिल्ला मिळाला आहे. तो बिल्ला तो घरी जेवतानाही काढत नाही, असं मी म्हटलं तर बायको म्हणते, अहो, एकदाच विसरले होते. असेल. मी एकदाच जेवलो नाही तिथे.

पहिल्या दिवशी त्याने मला मिठाचं संग्रहालय दाखवलं. दुसऱ्या दिवशी खिळ्यांचं. खिळ्यांचं! दोन मजले खिळे. मग पाणचक्की, मग कालव्याचं झडपघर, मग शिशाची खाण, जिच्यात डोक्याला दिवा बांधून ओणव्याने चालायचं आणि शेवटी एक रिकामी भिंत बघून परत यायचं. प्रत्येक ठिकाणी पाऊस. प्रत्येक ठिकाणी ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, जे आम्हाला सांगणार की इंजिन फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी चालू करतात. आम्ही सगळीकडे मंगळवारी पोहोचल्यासारखेच पोहोचलो. आणि माझा साडू प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणार.

"हे बघा इंजिनियरसाहेब," एका वाफेच्या इंजिनापुढे हात पसरून तो म्हणाला, "हे सगळं जगाला आम्ही दिलं."

"आम्ही म्हणजे? सांगलीने?"

"मी तिथला नागरिक आहे."

"बरं. मग पावसाचंही तुम्हीच बघा जरा."

तो हसला नाही. त्याने मला बेअरिंग म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. मला! मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पंचवीस वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतो. बेअरिंग तापलं तर मला घरून बोलावून नेतात. आणि हा विम्याचा माणूस खिशातली पेन्सिल फिरवत मला सांगतो, की फिरणारा दांडा असतो ना, त्याला बसायला जागा लागते. चार परदेशी म्हातारे कौतुकाने ऐकत होते. मी मान डोलावली. त्या क्षणी मी मनात एक गाठ मारली.

घोटाळा सातव्या दिवशी झाला. त्याच्या सूतगिरणीत एका काचेच्या कपाटात त्याच गावात बनलेला जुना मायक्रोमीटर ठेवला होता. माझी बायको काचेला नाक लावून म्हणाली, "अय्या, बाबांच्या पेटीत अगदी असाच होता."

साडू गर्रकन वळला. "पेटी कुठे आहे?"

माझे सासरे तरुणपणी मीना अल-अहमदीला टर्नर होते. एकटेच आले, खोलीत सहाजण राहून नोकरी केली. परत जाणाऱ्या एका इंग्रज फोरमनकडून त्यांनी मायक्रोमीटर आणि कॅलिपर घेतले, आणि झिजलेल्या कानशी घासून स्वतःच्या हाताने धातू खरवडायचे स्क्रेपर बनवले. सागाची पेटी, आत हिरवं फडकं, प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच. गावी परतताना त्यांनी ती पेटी मुलींना नाही, आपल्या चेल्याला दिली. चेला देवगडकडचा, सासऱ्यांना मास्तर म्हणायचा. तो आता सत्तरीला टेकला आहे, खैतानला आणखी चौघांबरोबर खोलीत राहतो आणि शुवैखच्या एका गाळ्यात अजून त्याच पेटीने काम करतो. बायको त्याला मामा म्हणते, मग मीही.

मामांचे गुडघे गेलेले. जड काम होत नाही. पण मासेमारीच्या जुन्या लाँचींच्या इंजिनात व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूची बेअरिंगं असतात, ती हाताने घासून बसवणारा माणूस त्या अख्ख्या गल्लीत दुसरा नाही. त्या एका कामासाठी मालक दरवर्षी त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने करून घेतो. पेटी म्हणजे मामांची नोकरी, आणि नोकरी म्हणजे कुवेत. गावी कोणी वाट बघणारं उरलेलं नाही. हे माझ्या बायकोने साडूला त्या कपाटापुढेच सांगितलं होतं. मी साक्षीदार आहे.

तरी डिसेंबरात तो आला तो सूतगिरणीच्या कमिटीचं पत्र घेऊनच. पेटी मायक्रोमीटरच्या मूळ गावी परत यावी, असा ठराव झाला होता. कपाटही मापाने बनवून तयार होतं.

"माप कशाचं घेतलं?" मी विचारलं.

"अंदाजाने."

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "पेटी मामांची आहे. ते देतील तर देतील, नाही तर भाऊजी रिकाम्या हाताने जातील. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"मी कशाला पडतोय?"

"तुमचं तोंड मला दिसतंय."

मी तिला खरंच वचन दिलं. आणि साडूला पेटीपर्यंत पोहोचायला शक्य तितका वेळ लागावा, म्हणून त्याला कुवेत दाखवायला निघालो.

पहिल्या दिवशी लाकडी जहाजांचं संग्रहालय. मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. इंग्रजीतली वाचून झाली की अरबीतली. मला अरबी येत नाही, नुसती अक्षरं ओळखतो. त्यामुळे एकेका शब्दाला चांगला वेळ लागायचा. अलिफ. लाम. थांबा हं, हे बहुतेक सीन.

"चहाची खोली नाही का इथे?" साडू म्हणाला. "आमच्या काउंटीत—"

"तुमच्या काउंटीत समुद्रात मोती काढायला माणसं उतरवायचे का हो? नाही ना? मग ऐका."

दुसरा दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम दिवसांपैकी एक. एका कुवेती गृहस्थांनी आपल्या दिवाणखान्यात जुने कंदील, टेलिफोन, रेडिओ, विहिरींचे हातपंप असं काय काय जमवलं आहे. माझी त्यांची ओळख. ते पाहुण्याला आधी बसवतात आणि बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात गहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, ओततात. पेला रिकामा झाला की पुन्हा ओततात. पुरे झालं तर पेला बोटांत धरून हलवायचा, अशी इथली रीत. न हलवता परत दिला तर अर्थ एकच, अजून हवा. मी दोन पेल्यांनंतर माझा पेला हळूच, हाताच्या आडोशाने हलवला. साडूला ही रीत सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

तो अकरा पेले प्यायला. प्रत्येक वेळी पेला घाईने संपवायचा, की झालं एकदाचं. यजमान खूश. तेही उभे, किटली घेऊन. मी अकरा मोजले, मग माझं समाधान झालं. परतताना गाडीत त्याचा डावा पाय आपोआप हलत होता.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"नाही, काही नाही. छान. फार छान."

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून मीना अल-अहमदी बघायचं काढलं. सासरे जिथे काम करायचे ती जागा, म्हणजे औद्योगिक वारसा. मी रस्त्यावरूनच दाखवलं. कुंपण, टाक्या, धूर, दूर समुद्रात उभी जहाजं. त्याने कॅमेरा काढला.

"ठेवा आत. इथे मनाई आहे, फोटो काढला तर विमा कंपनीला कळवावं लागेल, तुम्ही कुठे आहात ते."

"अहो, हा वारसा आहे. जगाला कळायला नको?"

"हा वारसा नाही, माझी ड्यूटी आहे. उद्या सकाळी सहाला आत जायचंय मला. माझ्या गळ्यात पाटी अडकवायची असेल तर मी मेल्यावर या."

त्याने कॅमेरा ठेवला, पण खिडकीबाहेर बघत अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही लोक वस्तू वापरून संपवता. आम्ही जपतो."

मी गाडी घराकडे वळवली.

शनिवारी आम्ही तिघे शुवैखला गेलो. गाळ्यात दिवसाही ट्यूबलाइट. मामा स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. टेबलावर अर्ध्या नळीसारखा एक जड तुकडा होता, आतून चांदीसारखा चमकणारा. तो बेअरिंगचा शेल. इंजिनाच्या दांड्याला निळा रंग अगदी पातळ पुसायचा, शेल त्यावर ठेवून जरासा हलवायचा, उचलायचा. जिथे निळे डाग उमटले तिथे धातू वर आहे. तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा, केसाएवढा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा बघायचा. सगळीकडे सारखे डाग उमटेपर्यंत हेच. मामा दोन दिवस हेच करत होते. लाँचीचा नौखदा, म्हणजे कप्तान, संध्याकाळी येऊन शेल नेणार होता. कोळंबीचा हंगाम चालू, लाँच किनाऱ्याला बांधून पडलेली.

साडूने खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले.

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "बाय, ह्ये कोण? डॉक्टर?"

"ताईचे मिस्टर, मामा."

"मगे हातमोजे कित्याक? लगीनघर आसा काय हयसर?"

मी इतका हसलो की मला भिंतीला हात टेकावा लागला. साडूने मात्र माझं हसणं गिळलं आणि सगळं व्यवस्थित सांगितलं. संग्रहालय, कमिटी, कपाट. बदल्यात नवी कोरी हत्यारांची पेटी देण्याची तयारी. सासऱ्यांचं आणि मामांचं नाव पाटीवर, दोन्ही भाषांत. मला कबूल करावं लागतं, की तो चांगलं बोलला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तरांनी माझ्याकडसून सात शेल घासून घेतल्यानी. आठवो पास झालो तेवा पेटयेक हात लावूक दिल्यानी. तीच रीत. तुमका पेटी व्हयी? घासून दाखवा."

त्यांनी भंगारातून एक जुना शेल काढून साडूपुढे ठेवला, पेटीतून एक स्क्रेपर काढून दिला. साडूने हातमोजे काढले. स्क्रेपर पेनासारखा धरला. दहा मिनिटं जीभ बाहेर काढून तो त्या शेलला गुदगुल्या करत होता. शेलवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"नापास," मी म्हणालो.

"तुम्ही दाखवा ना मग," साडू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पंचवीस वर्षं पंप सांभाळता ना? दाखवा की, इंजिनियरसाहेब. का तुम्हीही फक्त पाट्याच वाचता?"

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिफायनरीत इंजिनियर हत्यार उचलत नाही. फिटर घासतो, फोरमन बघतो, आणि मग कागद माझ्याकडे येतो. त्यावर लिहिलेलं असतं, बेअरिंग घासून निळं तपासलं, समाधानकारक. मी सही करतो. अशा किती सह्या केल्या असतील! इतक्या वर्षांत मला प्रामाणिकपणे वाटायला लागलं होतं, की ते काम मीच करतो.

त्याच वेळी मामांना मालकाने बाहेर हाक मारली. बायको त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. मी स्टुलावर बसलो.

"तो भंगाराचा घ्या," साडू म्हणाला.

"भंगारावर काय दाखवायचं? हा बघा." आणि मी टेबलावरचा शेल ओढला. नौखदाचा. त्यावर एका कडेला एक निळा डाग इतरांपेक्षा गडद होता, तो मला स्पष्ट दिसत होता. निदान तो तरी मी ओळखला, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. मी स्क्रेपर टेकवला, खांद्यातून जोर दिला आणि ओढला.

स्क्रेपर थरथरला, अडकला, मग एकदम सुटला. त्या चकचकीत धातूत मधोमध एक चर पडला. नख अडकेल एवढा.

साडूने स्क्रेपर माझ्या हातातून घेऊन खाचेत ठेवला; ‘नापास’ म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मामा आत आले. त्यांनी शेल उचलला, ट्यूबलाइटखाली धरला, अंगठा फिरवला.

"ह्यां कोणी केल्यान?"

"मी," मी म्हणालो. "मला वाटलं—"

"कोणी सांगितल्यान तुमका? कोणी हात लावूक सांगितल्यान? दोन दिस बसलंय हयसर, डोळे फुटासर घासलंय. सायब म्हणान तुमका आत घेतलंय. भायर जावा. दोघव भायर जावा!"

"मामा, पुन्हा ओतून—"

"कोण ओतीत? तुमी? भायर!"

गल्लीतल्या गाळ्यांमधून माणसं डोकावली. मला मागे ढकलत माझ्या बायकोने दार लावून घेतलं. ती आत राहिली.

नौखदा येऊन गेल्यावर ती बाहेर आली तेव्हा सगळं कळलं. व्हाइट मेटलचा थर आधीच पातळ होता, आता पुन्हा वितळवून ओतायचा आणि पहिल्यापासून घासायचा, म्हणजे आठवडा. नौखदा आठवडा थांबायला तयार नव्हता. तो गाळ्याच्या मालकाशी भांडला आणि इंजिन दुसरीकडे घेऊन गेला, जिथे जुनं इंजिन काढून नवं बसवतात. त्याच्या भावाच्या दोन लाँची होत्या, त्याही त्याने नेल्या. मालक मामांना एवढंच म्हणाला, की खलास, या वर्षानंतर इकामा नाही. मी मालकाला दोनदा फोन केला. मी कोण, कुठल्या पदावर, चूक माझी कशी, सगळं सांगितलं. त्याने सभ्यपणे ऐकलं आणि सांगितलं, की हा निर्णय तो फार दिवस पुढे ढकलत होता.

घरी चार दिवस बायको माझ्याशी बोलली ती फक्त मीठ, दूध आणि इस्त्री या विषयांवर. साडू आणि मी एकमेकांना चुकवून बाथरूमला जात होतो. त्याने कमिटीला पत्र लिहिलं, की पेटी मिळण्याची शक्यता दिसत नाही. मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, "स्पेलिंग बघा जरा." तो म्हणाला, "सही तुम्ही करता का? तुम्हाला सवय आहे."

गुरुवारी त्याचं विमान होतं. बुधवारी दुपारी मामांचा फोन आला, बायकोला. पेटी घेऊन जा.

आम्ही पुन्हा तिघे गेलो. टेबल पुसून लख्ख केलेलं. पेटी मध्ये, झाकण उघडं. मामांचे हात साबणाने धुतलेले. बोटांच्या चिरांमधला निळा रंग तेवढा राहिला होता. साडू दारातच थबकला.

"मामा, मी ही नेणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला गावी लागेल."

"गावात खय इंजिनां आसत? आंब्याक घासू काय स्क्रेपर?" मामांनी त्याला आत बोलावलं. "तुमी न्या. तुमचा कपाट बरां. कुलूप आसा ना?"

"आहे."

"कोणी काढून घासूक बघणार नाय ना?"

"नाही. कोणालाच नाही."

"मगे न्या."

हे सगळं बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी पुढे झालो. म्हणालो, की मी आमच्या कंत्राटदारांपैकी कोणाशी तरी बोलतो, तुम्हाला दुसरीकडे चिकटवून घेतो, माझ्या ओळखी आहेत. मी खरंच बोललो असतो. आजही मला वाटतं, जमलं असतं.

मामा म्हणाले, "साहेबानू, तुमी आता कायव करू नकात."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्या दिवशी हाकलून दिलं होतं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

बायको स्टूल ओढून बसली. मामा एकेक स्क्रेपर उचलून तिच्या हातात देत होते, हा कशाचा, हा मास्तरांनी कुठल्या कानशीचा केला, हा कडेला वापरायचा आणि हा मध्ये. ती तेलाचं फडकं फिरवून तो खाचेत ठेवत होती. साडूने वही काढली आणि लिहून घ्यायला लागला. मामा त्याच्यासाठी थांबत होते, पुन्हा सांगत होते. मला करायला काहीच नव्हतं. मी दारात उभा राहिलो, मग गल्लीत.

पेटी बंद झाल्याचा आवाज आला. मी उचलायला म्हणून आत वळलो, साडूही वहीसकट उठला. बायकोने पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. जड होती, तिचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"अहो, गाडीची डिकी उघडा," ती म्हणाली. "आणि दोघंही बाजूला व्हा. विमानतळापर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही."

आम्ही दोघे भिंतीला चिकटून उभे राहिलो. ती मधून गेली.